आधी कोण आलं?

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग भंडारा ओलांडला की लाखनीवरून साकोलीकडे निघतो. कागदोपत्री तो आता ५३ क्रमांकाचा आहे, पण जुनी माणसं अजून ‘एनएच सहा’च म्हणतात. नव्वदच्या दशकात एड्सवर भाषण करणारा प्रत्येक जण अशा रस्त्यांकडे बोट दाखवायचा आणि सगळं खापर ट्रकवाल्यांवर फोडून मोकळा व्हायचा. विषाणूला ट्रकशी घेणंदेणं नसतं. तो पोटापाण्याच्या वाटेनं फिरतो. मुंबईत कामाला गेलेला मजूर, नागपूरला बांधकामावर असलेलं जोडपं, रस्त्यावर महिनोन् महिने काढणारा ड्रायव्हर आणि या सगळ्यांची घरी असलेली माणसं हीच त्याची वाट. म्हणून मुंबईच्या प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी कधी ना कधी कामाची ठरतेच. या प्रकरणात अशाच एका गोष्टीविषयी बोलायचं आहे.

सरकारी केंद्रात एचआयव्हीची मोफत चाचणी होते तेव्हा रक्ताचा थेंब एका छोट्या कार्डावर टाकतात. काही कार्डांवर तीन रेषांची जागा असते. पहिली रेष चाचणी नीट चालली एवढंच सांगते. दुसरी एचआयव्ही-१ या विषाणूची आणि तिसरी एचआयव्ही-२ या दुसऱ्या विषाणूची. बाधेचं निदान एका कार्डावर कधीच ठरत नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्या करूनच ते पक्कं करतात. बाधित व्यक्तीच्या कार्डावर आपल्याकडे बहुतेक वेळा एचआयव्ही-१ चीच रेष उमटते. पण कधीतरी तिन्ही रेषा उमटतात आणि समुपदेशक जरा थांबतो.

अशा कार्डाचे अर्थ तीन निघू शकतात. शरीरात खरोखर दोन्ही विषाणू असतील. किंवा एचआयव्ही-१ एकटाच असेल आणि त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याच्या रेषेवरही चिकटली असतील, कारण दोघांची प्रथिनं बरीच सारखी आहेत. किंवा याच्या उलट, एचआयव्ही-२ एकटाच असेल. कार्डाला हा फरक कळत नाही. त्यासाठी विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर लागते. आणि तिच्यातही एक मेख आहे, ती पुढे येईलच.

ही केवळ कार्डाची गफलत असावी, आपल्या देशात दोन्ही विषाणू एकत्र कशाला सापडतील, असं कुणालाही वाटेल. पण १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटं पत्र छापून आलं. फ्रँकफर्टच्या हेल्गा र्‍युब्सामेन-वाइगमान आणि मुंबईचे डॉक्टर जे. के. मणियार यांच्या गटानं त्यात भारतात एचआयव्ही-२ पसरत असल्याचं लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या जास्त जोखमीच्या लोकांत दोन्ही विषाणू असल्याचं त्यांनी मांडलं. १९९४ मध्ये त्याच गटानं दुहेरी संसर्ग झालेल्या रुग्णांतल्या विषाणूंच्या जनुकांची तुलना केली. निष्कर्ष असा की भारतातला एचआयव्ही-१ आणि भारतातला एचआयव्ही-२, दोन्ही अगदी अलीकडे आणि प्रत्येकी एकाच पूर्वजापासून पसरलेले आहेत. म्हणजे एचआयव्ही-२ इथे दहा वाटांनी आलेला नव्हता. एकदा आला आणि मग इथेच वाढला.

कुठून आला असेल? हा विषाणू मुळात पश्चिम आफ्रिकेचा. लिस्बनच्या एगास मोनिझ रुग्णालयात तिकडचे काही रुग्ण होते. लक्षणं एड्सची, पण त्या वेळच्या एचआयव्ही चाचणीत काही सापडत नव्हतं. ओदेत फेरेरा या पोर्तुगीज संशोधक १९८५ साली त्यांच्या रक्ताचे नमुने घेऊन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेल्या, आणि १९८६ मध्ये एचआयव्ही-२ जगासमोर आला. पश्चिम आफ्रिकेतली गिनी-बिसाऊ ही पोर्तुगालची वसाहत १९७४ पर्यंत होती, गोवा १९६१ पर्यंत. एकाच साम्राज्यातले सैनिक, खलाशी, कारकून या बंदरांतून त्या बंदरांत फिरत. एचआयव्ही-२ आफ्रिकेबाहेर ठळकपणे सापडतो तो पोर्तुगाल, फ्रान्स आणि आपला पश्चिम किनारा अशा ठिकाणी, तेव्हा पोर्तुगीज धागा असावा हा अंदाज मला पटतो. अर्थात तो अंदाजच.

आता विषाणूंकडे वळू. आपल्या पेशीत माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते. एचआयव्ही ज्या कुळातला, तो रेट्रोव्हायरस उलट्या दिशेनं जातो. तो आरएनए घेऊन येतो, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाच्या विकराच्या मदतीनं त्याचा डीएनए करतो आणि तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत कायमचा शिवून टाकतो. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना हा विकर १९७० साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सापडला. पाच वर्षांनी दोघांना नोबेल मिळालं. माणसाला त्रास देणारे रेट्रोव्हायरस चार धरावेत: १९८० मध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेनं जाहीर केलेला एचटीएलव्ही-१, १९८२ चा एचटीएलव्ही-२, १९८३ चा एचआयव्ही-१ आणि हा एचआयव्ही-२. चौघांचाही डोळा मुख्यतः टी-पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सेनापतींवर. चौघेही रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातात. वाटा एकच असल्यावर दोघे एकाच शरीरात येणं ओघानंच आलं.

एचआयव्ही-१ चिंपांझीकडून माणसात आला, एचआयव्ही-२ सूटी मँगाबे या माकडाकडून. त्यामुळे नाव एक असलं तरी ते सख्खे भाऊ नव्हेत, फार तर चुलत. एचआयव्ही-२ सौम्य. त्याची बाधा झालेल्या अनेकांना वर्षानुवर्षं औषधाविना काही होत नाही. मात्र तो निरुपद्रवी नाही, वेळ आली की एड्सपर्यंत नेतोच. गंमत अशी की पेशींच्या डीएनएत शिवलेल्या प्रती मोजल्या तर दोन्ही विषाणूंच्या प्रती साधारण सारख्याच भरतात. फरक पडतो तो रक्तद्रवात मोकळ्या फिरणाऱ्या विषाणूंत. एचआयव्ही-२ चे ते कण कैक पटींनी कमी असतात. म्हणजे घुसायला तो कमी पडत नाही, घुसल्यावर नव्या प्रती काढायला कमी पडतो.

मग दोघे एकत्र आले तर एकाच्या त्रासात दुसऱ्याच्या त्रासाची भर पडावी, असा हिशेब कुणीही करेल. १९९५ मध्ये सेनेगलहून आलेली बातमी याच्या अगदी उलट होती. डाकारमधल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंद संशोधक १९८५ पासून ठेवत होते. त्यांना दिसलं की आधीच एचआयव्ही-२ असलेल्या स्त्रियांना नवा एचआयव्ही-१ होण्याचं प्रमाण बरंच कमी आहे. हे संरक्षण त्यांनी सुमारे ७० टक्के मांडलं. बातमीनं खळबळ उडाली. निसर्गानंच लस टोचली की काय, अशी चर्चा सुरू झाली. मग गाम्बिया आणि गिनी-बिसाऊमध्ये तपासलं गेलं, तिथे हे संरक्षण दिसलं नाही आणि चर्चा थंडावली. विज्ञानात असं होतंच. पहिल्या बातमीवर उडी मारणाऱ्यानं दुसरीची वाट पाहावी.

दुसरी बातमी २०१२ मध्ये आली आणि ती जास्त विचार करायला लावणारी आहे. गिनी-बिसाऊमधल्या पोलिसांच्या एका गटावर स्वीडिश संशोधक १९९० पासून लक्ष ठेवून होते. त्यांनी प्रश्न जरा बदलून विचारला. एचआयव्ही-१ होतो की नाही हे त्यांनी पाहिलं नाही. झाल्यावर किती वेगानं एड्सपर्यंत नेतो, हे पाहिलं. फक्त एचआयव्ही-१ असलेल्यांना एड्सपर्यंत पोचायला साधारण ६८ महिने लागले. दोन्ही असलेल्यांना १०४. तीन वर्षांचा फरक! आणि ज्यांच्यात एचआयव्ही-२ आधीपासून होता त्यांच्यात हा फायदा सर्वांत ठळक.

इथे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला फार समजावून सांगावं लागणार नाही. धान कापणीला यायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी फेकतात. धान निघालं की उरलेल्या ओलीवर लाखोळी वर येते. बांधी एकच, पीक दोन, पण ते साधतं कारण क्रम ठरलेला असतो. कोण आधी जमीन धरतं, ओल किती उरली आहे, यावर दुसऱ्याचं काय होणार ते ठरतं. दोन विषाणूंचंही असंच आहे.

आधी आलेला एचआयव्ही-२ नंतरच्या एचआयव्ही-१ च्या प्रतींवर लगाम कसा घालत असेल, याची उत्तरं प्रयोगशाळेत तुकड्यातुकड्यांनी मिळाली आहेत. एक, एचआयव्ही-२ शी लढताना शरीरात काही टी-पेशी तयार होतात. विषाणूच्या आतल्या कवचाचं प्रथिन दोघांत बरंचसं सारखं असल्यामुळे या पेशी एचआयव्ही-१ लाही ओळखतात. दोन, या लढाईत काही रसायनं जास्त झिरपतात, त्यांना केमोकाइन म्हणतात. एचआयव्ही-१ पेशीत शिरताना टी-पेशीवरच्या सीडी-४ या कडीशिवाय आणखी एका कडीला हात घालतो, तिचं नाव सीसीआर-५. केमोकाइन नेमकी तीच कडी अडवून बसतात.

तिसरं कारण सर्वांत मजेदार, आणि माझ्या मते सर्वांत कमी सांगितलं गेलेलं. एचआयव्हीला स्वतःच्या प्रती काढायला टॅट नावाचं प्रथिन लागतं. ते आरएनएच्या सुरुवातीच्या टार नावाच्या वळणावर बसतं आणि प्रती काढण्याचा वेग अनेक पटींनी वाढवतं. एचआयव्ही-१ चं टॅट दोघांच्याही टारवर छान बसतं. एचआयव्ही-२ चं टॅट मात्र एचआयव्ही-१ च्या टारवर नीट बसत नाही. त्यामुळे एकाच पेशीत दोघे असतील तर एचआयव्ही-१ आपलं टॅट नकळत दुसऱ्याला देत राहतो आणि परतफेड मात्र होत नाही. एचआयव्ही-२ चं लांबलचक टार एचआयव्ही-१ चं टॅट अडकवून ठेवू शकतं. १९९६ मध्ये सुरेश आर्य आणि रॉबर्ट गॅलो यांनी पेशींत एचआयव्ही-२ घातला की एचआयव्ही-१ चं उत्पादन घटतं हे दाखवलं आणि यातून जनुकोपचाराची वाट निघेल का, असा प्रश्नही मांडला.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. एचआयव्ही-२ कडे व्हीपीएक्स नावाचं एक जास्तीचं हत्यार आहे, ते एचआयव्ही-१ कडे नाही. आपल्या काही पहारेकरी पेशींत एसएएमएचडी-१ नावाचं प्रथिन विषाणूला डीएनए बनवायला लागणारा कच्चा मालच संपवून टाकतं. २०११ मध्ये कळलं की व्हीपीएक्स हा अडसर फोडतो. प्रयोगशाळेत त्या पेशींना व्हीपीएक्स पुरवलं की एचआयव्ही-१ लाही तिथे शिरता येतं. म्हणजे तत्त्वतः सौम्य विषाणू क्रूर विषाणूला दार उघडून देऊ शकतो. ज्याच्याकडे जास्त हत्यारं तोच सौम्य, हे कोडं वाटेल. एक उत्तर असं दिलं जातं की पहारेकरी पेशींत शिरल्यामुळेच एचआयव्ही-२ पकडला जातो आणि प्रतिकारशक्ती वेळेवर जागी होते. एचआयव्ही-१ त्या पेशींना वळसा घालून चोरपावलांनी पुढे जातो.

दोघांचा संकर होईल का, हा प्रश्न लोक हमखास विचारतात. प्रयोगशाळेत २००८ मध्ये दोघांच्या जनुकांचं मिश्रण घडवून दाखवलं गेलं आहे. दुहेरी संसर्गाच्या ज्या रुग्णांत असा संकर शोधला गेला, त्यांच्यात तो सापडला नाही. तेव्हा त्याची भीती घेऊ नये.

शेवटी पारडं कुणाकडे झुकतं? बहुतेकदा एचआयव्ही-१ कडे. सीडी-४ पेशी, म्हणजे ती कडी असलेल्या टी-पेशी, घटत जातात तसा एचआयव्ही-१ वरचढ होतो आणि रक्तद्रवात एचआयव्ही-२ मिळेनासा होतो. तो नाहीसा झालेला नसतो, पेशींच्या डीएनएत शिवलेला असतोच. मघा म्हटलेली पीसीआरची मेख ही. रक्तद्रवात शोधाल तर हाती लागणार नाही, पेशींमध्ये शोधावा लागतो.

एचटीएलव्हीची तऱ्हा आणखी वेगळी. हा विषाणू मोकळा फारसा फिरतच नाही. एका पेशीतून चिकटलेल्या दुसऱ्या पेशीत जातो आणि एकदा बसला की प्रती काढत बसण्यापेक्षा त्या पेशीलाच विभागायला लावतो. पेशी दुप्पट झाली की विषाणूही आपोआप दुप्पट. एचआयव्ही सीडी-४ पेशी मारतो, एचटीएलव्ही-१ त्याच पेशी वाढवतो. दोघे एका शरीरात आले की अहवालावर सीडी-४ चा आकडा भरघोस दिसतो. हा आकडा फसवा असतो. पेशी आहेत, पण त्यातल्या कितीतरी एचटीएलव्हीनं फुगवलेल्या, लढाईला निकामी. भारतात २००४ मध्ये मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, सुरू झाली तेव्हा औषध द्यायचं की नाही हे मुख्यतः सीडी-४ वर ठरे. असा फुगीर आकडा असलेला रुग्ण त्या निकषात मागे राहिला असता. २०१७ पासून निदान होताच उपचार असं धोरण झालं, ते या एका कारणानं नव्हे, पण या अडचणीतूनही त्यानं सुटका केली.

एचटीएलव्ही-१ चं टॅक्स नावाचं प्रथिन पेशीच्या यंत्रणेला सतत चेतवत ठेवतं आणि परीक्षानळीत एचआयव्ही-१ च्या प्रतीही वाढवतं. एचटीएलव्ही-२ मात्र पेशींना तेच सीसीआर-५ अडवणारे केमोकाइन झिरपवायला लावतो, आणि काही अभ्यासांत दोन्ही असलेल्यांचा एचआयव्ही सावकाश पुढे गेलेला दिसतो. नावं एकाच माळेतली, वागणूक परस्परविरुद्ध. म्हणून ‘दोन रेट्रोव्हायरस एकत्र आले की काय होतं?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणते दोन, आणि कुठला आधी, हे विचारावंच लागतं.

एचटीएलव्ही भारतात दुर्मीळ आहे. तरी पूर्व विदर्भात त्याचा उल्लेख करायला एक कारण आहे. इथे सिकलसेलचे रुग्ण खूप, आणि त्यांतल्या काहींना पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागतं. आपल्या रक्तपेढ्यांना एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गरमी आणि मलेरिया या पाच तपासण्या बंधनकारक आहेत. एचटीएलव्ही त्यात नाही. जपाननं ती तपासणी १९८६ मध्ये सुरू केली, अमेरिकेनं १९८८ मध्ये. इतक्या दुर्मीळ विषाणूसाठी भारतभर प्रत्येक पिशवी तपासावी असं मी म्हणणार नाही, तो पैसा इतरत्र जास्त जीव वाचवेल. पण हा विषाणू पांढऱ्या पेशींत बसतो, आणि पांढऱ्या पेशी गाळून दिलेलं रक्त हा जोखीम कमी करणारा साधा उपाय आहे. वारंवार रक्त घेणाऱ्यांना त्याचा फायदा इतर कारणांसाठीही होतोच.

आता औषधांकडे येऊ, कारण चूक झाली तर ती इथे महागात पडते. सुरुवातीच्या सरकारी औषधांत नेव्हिरॅपिन होतं, एफाव्हिरेन्झही वापरलं गेलं. दोन्ही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या एका खोबणीत बसून त्याला थांबवतात. एचआयव्ही-२ च्या विकरात त्या खोबणीतल्या १८१ आणि १८८ या जागांवर जन्मतःच वेगळे घटक आहेत, त्यामुळे ही औषधं तिथे बसतच नाहीत. तीन औषधांची गोळी घेणाऱ्या दुहेरी रुग्णात एचआयव्ही-१ वर तिहेरी मारा होत होता आणि एचआयव्ही-२ वर फक्त दुहेरी. अर्धवट दबलेला एचआयव्ही-२ मग उरलेल्या दोन औषधांनाही दाद देईनासा होतो. त्यात भर म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी नेहमीची व्हायरल लोड चाचणी एचआयव्ही-१ चीच असते. तिच्यावर ‘विषाणू आढळला नाही’ असं येतं आणि रुग्णाची तब्येत मात्र ढासळत जाते. अशा रुग्णासाठी वेगळी औषधं हवीत हे ओळखून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे नॅकोनं, नंतर एचआयव्ही-२ च्या निदानासाठी संदर्भ-प्रयोगशाळा ठरवल्या. पुण्यात भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावानं सुरू झालेली संस्था त्यांतली महत्त्वाची. आज पहिल्या फळीत असलेलं डोल्युटेग्राव्हिर वेगळ्या विकरावर काम करतं आणि दोन्ही विषाणूंना लागू पडतं. बरीचशी जुनी अडचण त्यानं दूर केली आहे, व्हायरल लोडची मात्र नाही.

म्हणून तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या अहवालावर ‘एचआयव्ही-२’ किंवा ‘१ आणि २ दोन्ही’ असं लिहिलेलं असेल, तर एआरटी केंद्रात तीन गोष्टी स्पष्ट विचारा: प्रकाराची खात्री संदर्भ-प्रयोगशाळेत झाली आहे का, सध्याची गोळी एचआयव्ही-२ वर चालते का, आणि व्हायरल लोडबरोबर सीडी-४ वरही नजर ठेवली जाते आहे का. गोळी स्वतःहून बंद करू नका. विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा नॅकोचा मोफत क्रमांक आहे, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं केंद्राला बंधनकारक केलं आहे.